व्हिएन्ना चार दिवस, पवनी दोन

एक शहर युरोपातल्या नटलेल्या राजधान्यांपैकी. दुसरं भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दोन्हीकडे दोघांनी पायी फिरायचं ठरवलं, तर हाती काय लागतं?

व्हिएन्नाला जायचं म्हटलं की ऑफिसमधल्या सल्लागारांची यादी तयारच असते. शोनब्रुन पॅलेस बघा. झाखरटोर्ट नावाचा चॉकलेट केक खा. स्टेट ऑपेराची उभ्याने बघायची स्वस्त तिकिटं मिळतात, ती सोडू नका. नवऱ्याचं तिथं क्लायंटकडे काम निघालं, मी साठवलेली रजा खर्ची घातली, आणि शेंगेनच्या कागदपत्रांची ती सुप्रसिद्ध फाइल सांभाळत आम्हाला दोघांना मिळाले एकूण चार दिवस. चार दिवसांत राजधानी! यादीतलं बरंच काही केलं. केक खाल्ला (ठीक आहे, आपल्याकडचा जास्त गोड असतो). ऑपेरात पाय दुखेपर्यंत उभे राहिलो.

पण घरी आल्यावर कोणी विचारलं, ‘काय आवडलं?’ तर आम्हा दोघांच्या तोंडून एकच उत्तर यायचं: तिथल्या आज्या.

खरंच सांगते. सकाळी साडेदहाला कॉफी हाउसमध्ये शिरा. कोपऱ्यातल्या संगमरवरी टेबलावर ऐंशीच्या घरातली बाई एकटी बसलेली. डोक्यावर टोपी, अंगात नीट इस्त्री केलेला कोट, हातात लाकडी दांडीला अडकवलेलं वर्तमानपत्र. समोर छोट्या ट्रेमध्ये कॉफी आणि शेजारी पाण्याचा ग्लास. हे पाणी नळाचं असतं आणि व्हिएन्नावाल्यांना त्याचा कोण अभिमान! आल्प्सच्या झऱ्यांमधून हे पाणी शहरात आणलं गेलं १८७३ मध्ये. एका कॉफीवर ती बाई दोन तास बसते आणि मागितल्याशिवाय वेटर बिल आणत नाही. ही कॉफी हाउसची रीत ऑस्ट्रियाने २०११ मध्ये आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीतच घालून टाकली. मग बाई उठते, चालत ट्रामच्या थांब्यावर जाते. ट्रामची जमीन फूटपाथच्या जवळपास पातळीत, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. दर थोड्या अंतरावर बाक. घाई कोणालाच नाही.

‘ही बाई रोज असं करत असेल,’ नवरा म्हणाला. मी म्हटलं, ‘आणि कोणाला न विचारता.’

तट पाडला, रस्ता केला

व्हिएन्नाचं देखणेपण एका पाडापाडीतून आलंय, हे तिथं गेल्यावर कळतं. या शहराला भक्कम तट होता. १६८३ मध्ये, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, तुर्की फौजांनी शहराला वेढा घातला तेव्हा याच तटाने ते वाचवलं. पण एकोणिसाव्या शतकात तोफा बदलल्या, शहर फुगलं आणि तट नुसताच अडचण होऊन बसला. २० डिसेंबर १८५७ ला सम्राट फ्रान्झ जोसेफने तो पाडायचं फर्मान काढलं. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात आखला गेला रिंगस्ट्रासे, जुन्या शहराभोवतीचा सव्वापाच किलोमीटरचा झाडांच्या रांगांचा रस्ता. १८६५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. ऑपेरा, पार्लमेंट, टाउन हॉल, विद्यापीठ, सगळं या रस्त्यावर ओळीने उभं राहिलं. आज आपण ज्याला ‘काय रॉयल शहर आहे’ म्हणतो, ते बरंचसं त्या खंदकावर आणि तटाच्या जागेवर उभं आहे.

आम्ही रिंगची अख्खी फेरी पायी केली. विद्यापीठासमोर तटाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, त्याचं नाव मोल्कर बास्टाय. वरच्या एका घरात बीथोवन काही वर्षं राहायचा. पर्यटक वर त्याचं घर बघायला चढत होते आणि नवरा खाली भिंतीला हात लावून उभा. मला वाटलं, बीथोवनमुळे भारावला. तर म्हणतो कसा, ‘आमच्या पवनीचा तट अजून आहे. खंदकासकट.’

पवनी हे त्याचं आजोळ. वैनगंगेच्या काठावरचं, भंडारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तिथं त्याची आजी एकटी राहते, वय एक्क्याऐंशी. लग्न झाल्यापासून मी तिथं दोनदा गेले होते, दोन्ही वेळा कार्यक्रमाला. म्हणजे मंडप, पंगत आणि परतीची गाडी. तट कुठला बघतेय!

आणि एक गोष्ट त्या भिंतीपाशी आम्ही बोललो नाही, पण दोघांच्याही मनात होती. आजीला नागपूरला आणायचं का, हा घरातला दर दिवाळीचा विषय. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात घराघरांत पाणी शिरलं, गोसेखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. पवनी त्या धरणाच्या खालच्या अंगाला. तेव्हापासून सगळ्यांनी धसकाच घेतला. आमच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. आठवा मजला, लिफ्ट, सिक्युरिटी. आजीला विचारायचं काम आमच्याकडे आलं होतं. तर जानेवारीत एक शनिवार-रविवार काढला आणि निघालो.

नागपूरहून दोन तास

नागपूर-उमरेड-भिवापूर-पवनी. अंतर सुमारे ८५ किलोमीटर. उमरेड संपलं की दुतर्फा जंगल सुरू होतं. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य ते हेच. ‘जय’ नावाच्या त्या भव्य वाघामुळे देशभर गाजलेलं. २०१६ च्या एप्रिलनंतर जय कोणाला दिसला नाही, पण चहाच्या टपरीवर त्याचा विषय काढून बघा, तो काल इथूनच गेल्यासारखं सांगतात. भिवापूरला जीआय मिळालेली मिरची. जानेवारीत लाल मिरच्या अंगणभर वाळत पडलेल्या असतात. गाडीची काच खाली केली तर खोकल्याची तयारी ठेवा.

पूर्वी या वाटेने नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी जायची. ‘पवनी रोड’ नावाचं स्टेशन होतं. आजी लग्न होऊन पवनीला आली ती याच गाडीने. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी ती बंद झाली.

गावात शिरताना जुना दरवाजा लागतो, त्याला आता जवाहर गेट म्हणतात. आणि मग तो तट. तीन बाजूंनी तट आणि खंदक, चौथ्या बाजूने नदी. मूळचा मातीचा प्राचीन बांध, त्यावर नंतरच्या काळातलं दगडी काम. पवन राजाची ही नगरी, म्हणून पवनी, असं गावात कोणीही सांगेल. खंदकात कुठे पाणी, कुठे झुडपं, कुठे (सांगायला वाईट वाटतं) प्लास्टिक. रेलिंग नाही, तिकीट नाही, सेल्फी पॉइंट नाही. तटाच्या कडेने गुराखी शेळ्या घेऊन चाललेला. फर्मान निघालं नाही म्हणून वाचलेला तट बघायचा असेल तर तो असा दिसतो.

गाइड : आजी

दुपारी लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्याची भाजी आणि भात असं जेवण झालं. मला वाटलं, आता आजी आडवी होईल. ती चप्पल घालून दारात उभी. ‘चाला, फिराले. बसून काय करता?’

पुढचे तीन तास आम्ही तिच्या मागे. पहिला थांबा पंचमुखी गणेश. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी हा एक. एकाच दगडाला गणपतीची पाच मुखं, कुठूनही आलात तरी तो तुमच्याकडे बघतोच. पवनीत देवळं इतकी की तिला विदर्भाची काशी म्हणतात. दर वळणावर आजीचा एक नमस्कार आणि दर दुसऱ्या ओट्यावरून तिला एक हाक. ‘आजी, नातसून का?’ ‘आजी, गुडघा कसा हाय?’ एका ओट्यावर ती न सांगता बसली, आतून पाणी आलं. स्टीलच्या ट्रेमध्ये. ग्लासाखाली बशीसुद्धा होती! मी नवऱ्याकडे बघितलं, तो हसायला लागला. बिल इथेही कोणी आणलं नाही.

मग जगन्नाथ टेकडी. बालसमुद्र तलावाजवळचा हा उंचवटा, जगन्नाथाच्या देवळामुळे हे नाव. वरवर बघितलं तर साधी टेकडी. पण १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी या दोघांनी ते चालवलं. आणि मातीखालून निघाला बौद्ध स्तूप. व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही जरासा जास्त. काळ ख्रिस्तपूर्व शतकांतला, मौर्यांपासून सातवाहनांपर्यंतचा. कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली होती, त्यांत बायकांचीही. कोणी एक खांब दिला, कोणी दुसरा काही भाग. दोन हजार वर्षांपूर्वीचं क्राउडफंडिंगच म्हणा ना.

एका शिल्पावर पाच फण्यांचा मुचलिंद नाग आहे. बुद्ध ध्यानात बसलेले असताना पाऊस लागला, सात दिवस थांबेना, तेव्हा या नागाने त्यांच्यावर फणा धरला, अशी कथा. शिल्पात बुद्धांची मूर्ती नाही, आसन रिकामं आहे. त्या काळी तशीच पद्धत होती. ही शिल्पं आता टेकडीवर नाहीत, संग्रहालयांत आहेत. मी फोनवर आजीला त्याचा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ धरून ठेवला. ‘पावसात कोनीतरी पायजे ना डोक्यावर,’ एवढंच म्हणाली.

ज्या विषयासाठी आलो होतो तो तिनेच असा काढला होता, पण आम्ही दोघंही गप्प. बोललो ते एकदम रात्री.

संध्याकाळी वैजेश्वर घाट. दगडी पायऱ्या, पाण्यावर उतरलेला थंड उजेड, पलीकडे एक डोंगा. डॅन्यूबला व्हिएन्नाकरांनी शहराबाहेर वळवून शिस्त लावली आहे. शहराच्या मधून वाहतो तो कालवा, त्याच्या भिंतींवर ग्राफिटी आणि काठावर बीअरचे बार. वैनगंगेला कोणी शिस्त लावलेली नाही. घाटावर निर्माल्य, साबणाचे कागद आणि त्याच्याच शेजारी इतकं निवांत पाणी की बोलावंसंच वाटत नाही. दोन्ही नोकऱ्या, दोन्ही शिफ्ट, घरात एकमेकांना भेटतो ते कॅलेंडर इन्व्हाइट पाठवल्यासारखं. त्या पायरीवर आम्ही पाऊण तास बसलो, नेटवर्क असताना फोन न काढता.

ट्रंकेतलं लुगडं

रात्री आजीने ट्रंक उघडली. आत करवती काठाचं लुगडं. विदर्भाची ही खासियत: काठाची नक्षी करवतीच्या दात्यांसारखी, म्हणून करवती. काठ आणि अंग यांचे रंग वेगळे ठेवण्यासाठी विणकर तीन धोटे वापरतो आणि जोडावर धागे एकमेकांत अडकवत जातो. यंत्रमागाला हे काम सहज जमत नाही. कोसा म्हणजे टसरचा धागा इथलाच. ऐनाच्या झाडांवर अळ्या पोसायचं काम भंडारा-गडचिरोली भागात ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. पवनीच्या कोष्ट्यांचं बारीक विणकाम एके काळी लांबवर नावाजलेलं. आता हातमाग मोजकेच.

लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि आजी म्हणाली, ‘आता इचारा, काय इचाराचं ते.’

नवऱ्याने विचारलं. लिफ्ट, खोली, डॉक्टर, सगळं नीट सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि उलट प्रश्न केला, ‘तुमी दोघं सकाळी किती वाजता जाता?’

‘साडेआठ.’

‘अन् येता?’

‘आठ. कधी नऊ.’

‘मंग मी आठव्या माळ्यावर बारा घंटे काय करू, बाबू? इथं मले कोनाले रस्ता इचाराव लागत नाही. तिथं लिफ्टची बटनं इचारू?’

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती चिडली नव्हती, हिशेब मांडत होती. आमच्या सोसायटीत वॉकिंग ट्रॅक आहे, पण गेटबाहेर रस्ता ओलांडायला मलाच धीर गोळा करावा लागतो. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईने तो कसा ओलांडायचा? आणि ओलांडून जायचं कोणाच्या ओट्यावर?

व्हिएन्नात आम्हाला भुरळ पडली ती याचीच होती, हे तेव्हा नीट शब्दांत आलं. महाल, ऑपेरा, पुतळे छानच, पण म्हातारं माणूस कोणाचा हात न धरता दिवसभर फिरून घरी येऊ शकतं, ते शहर देखणं. व्हिएन्नाने ते ट्राम, बाक आणि पैसा ओतून घडवलं. पवनीत ते ओट्यांवर आणि हाकांवर चाललंय, महापालिका नाही की बजेट नाही. पण पुराला हाका पुरत नाहीत. धरणाचे दरवाजे रात्री उघडतात तेव्हा ओट्यावरची माणसंही आपापलं सामान उचलत असतात. आजीला हे आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०२० ची ती रात्र तिने शेजाऱ्यांच्या माडीवर काढली होती.

धरण आणि संगम

रविवारी सकाळी आम्ही दोघंच गोसेखुर्दला गेलो. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालेला हा प्रकल्प. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा, तो पुढे हजारो कोटींवर गेला. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पाण्याचा विस्तार बघून ‘वॉव’ निघतंच तोंडातून. पण त्या निळ्या पाण्याखाली गावंच्या गावं आहेत. तिथल्या आज्यांना कोणी विचारलं नव्हतं की तुम्ही सकाळी किती वाजता कुठे जाता. नव्या गावठाणात आखीव प्लॉट मिळाले. ओटे आणि ओळखी प्लॉटबरोबर मिळत नाहीत.

तिथून पुढे आंभोरा. वैनगंगेचा आणि इतर नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ इथं लिहिला असं विदर्भात मानतात (अंबाजोगाईकरांचाही दावा आहे, त्यात आपण पडू नये). २०२४ पासून इथं केबलचा नवा पूल आहे, नागपूर आणि भंडारा हे दोन जिल्हे जोडणारा. वर काचेची गॅलरी, खाली अथांग पाणी. रविवारी तिथं तुमच्या-आमच्यासारखी जोडपी खूप. सगळे पुलावर फोटो काढून दोन तासांत नागपूरला परत.

पवनी इथून फार लांब नाही. पण तिथं फारसं कोणी जात नाही. तिकीट, बोर्ड आणि कॅफे नसेल तर आपल्याला ते ‘डेस्टिनेशन’ वाटत नाही. सांचीएवढा स्तूप गावात असून गावाला त्याचा ना रोजगार, ना रुबाब. कोणी बघायला येत नाही म्हणून खंदकात कचरा, आणि कचरा आहे म्हणून कोणी येत नाही. हे चक्र फिरवायला कोणा सम्राटाचं फर्मान नको. महिन्यातून वीस-पंचवीस गाड्या थांबल्या, माणसांनी चहा प्यायला, लुगडं बघितलं, टेकडीचा रस्ता विचारला, तरी फरक पडेल.

परत येऊन आजीबरोबर तोडगा काढला. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवायच्या. शेजारची मुलगी रोज रात्री एक फोन करेल. आणि जुलै ते सप्टेंबर आजी नागपूरला, आठव्या माळ्यावर. अटी तिच्या: तिथं आमच्यापैकी एकाने तरी संध्याकाळी सातच्या आत घरी यायचं, आणि दसऱ्याच्या आधी तिला पवनीला सोडायचं.

‘पावसाळा तुमचा,’ ती म्हणाली. ‘बाकी माझा.’

सातच्या आत घरी यायचं कसं, यावर नवरा आणि मी सध्या आपापल्या बॉसशी बोलतोय. जून जवळ येतोय.

जाणार असाल तर

कसं जाल : नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे कारने दोन तास. एसटीही आहे. भंडाऱ्याहून थेट रस्ता.

कधी जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात विदर्भात पायी फिरायचं नसतं. पावसाळ्यात गोसेखुर्दचे दरवाजे उघडतात तेव्हा घाटावर उतरू नका.

काय बघाल : जवाहर गेट, तट आणि खंदक, पंचमुखी गणेश, जगन्नाथ टेकडी, वैजेश्वर घाट. रुयाड-सिंदपुरीला अलीकडच्या काळात उभारलेली महासमाधीभूमी. वेळ असेल तर अभयारण्याच्या पवनी गेटमधून सफारी, बुकिंग आधी करा.

काय आणाल : करवती साडी, विणकराकडूनच, घासाघीस न करता. परतीच्या वाटेवर भिवापुरी मिरची. नेलेलं प्लास्टिक परत.

चपला : चालायच्या.